तोंड तेवढं माझं

६ फेब्रुवारी २००६, सोमवार

आधी आली ती धाकटी, अलमेलू. दहाची वेळ ठरलेली, आणि ही बाई साडेनवालाच रिक्षातून उतरून फाटकाशी उभी. बेल वाजवायची नाही, हाक मारायची नाही. मीच खिडकीतून बघितलं म्हणून. पन्नाशीची असेल, लग्न केलेलं नाही, कुठल्याशा कॉलेजात शिकवते. पदर असा आवळून धरलेला, जसं काही कुणी ओढायलाच टपलंय. थोरली कामाक्षी सव्वादहाला आली, मोठ्या गाडीतून, कानात हिऱ्याच्या कुड्या. सख्ख्या बहिणी, पण एकमेकींकडे बघून हसल्यासुद्धा नाहीत. मी म्हटलं, चला, आता करमणूक.

ही वही ऊर्मीनं दिली. माझी नात, तिसरीत आहे. म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलतेस, अर्धं लिहीत जा, आम्हाला शांतता." द्वाड कार्टी. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कऱ्हाडची. पण हे गेल्यापासून दुपार सरत नाही, म्हणून लिहिते.

तर त्या दोघींची अम्मा गेल्या वर्षी वारली. नुंगंबाक्कमला तिनं काढलेली शाळा आहे, तिथल्या हॉलमध्ये तिचा छातीपर्यंतचा ब्राँझचा पुतळा बसवायचा, म्हणून माझ्या रविकांतकडे आल्या. रविकांत ब्राँझचं काम करतो. अंबत्तूरच्या या घरामागे त्याची शेड आहे, तिथेच भट्टी. यांनी जवळच्या आवडी गावातल्या फॅक्टरीत तीस वर्षं ओतकाम केलं, ते याच्या रक्तात उतरलं. पण याचा जीव प्राण्यांत. पेलिकन, मुंगूस, समुद्रातली कासवं. म्हणतो, "आई, काळविटाची मुलं येऊन सांगत नाहीत, आमच्या अप्पांचं नाक जरा लहान करा."

आता अडचण अशी की त्या अम्मानं जन्मभर फोटो काढू दिला नाही. आहे तो पासपोर्टचा, समोरून, टाचणीएवढा. रविकांत म्हणाला, बाजूनं चेहरा कसा, मान कशी, काही कळत नाही, त्या वयाचं, त्या बांध्याचं कुणीतरी समोर बसायला हवं.

कामाक्षीनं मान वळवली, माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, भाजीवालीकडचा भोपळा बघावा तसं. "ही पाट्टी चालेल," म्हणाली. पाट्टी म्हणजे यांच्यात म्हातारी.

मी! बहात्तराव्या वर्षी माझा पुतळा!

८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सहाला बसवलं. उन्हं चढली की मेण मऊ पडतं, म्हणून काम पहाटेचं. मधमाशीचं मेण, राळ आणि शेंगदाण्याचं तेल, असं उकळून तुळजा तयार करते. तुळजा म्हणजे सून. आत मातीचा गोळा, त्यावर बोटभर मेण, आणि त्या मेणात रविकांत नाकडोळे काढतो. मग त्यावर गाळाची माती चढवायची, भाजायचं, मेण वाहून जातं, आणि उरलेल्या पोकळीत ब्राँझ ओतायचं. माती चढेपर्यंत हवे तेवढे बदल करा. एकदा चढली की ब्रह्मदेव आला तरी नाही. हे मला कुणी शिकवायला नको, यांच्या तोंडून तीस वर्षं ऐकलंय.

रविकांतनं वाकड्या पायांच्या कॅलिपरनं माझं कपाळ मोजलं, नाक मोजलं, हनुवटी मोजली. पोटच्या पोरानं इतकं निरखून मला कधी बघितलं नव्हतं. गुदगुल्या झाल्या. "हलू नकोस गं," म्हणाला.

शेजारच्या नीलमला सांगून आले, नुंगंबाक्कमच्या हॉलमध्ये माझा पुतळा बसणार. ती खवचट. म्हणाली, "काकू, नाव त्यांच्या आईचं, चेहरा त्यांच्या आईचा. तुम्ही कुठं मग?" मी म्हटलं, तू ये उद्घाटनाला, दाखवते कुठं ते. मराठी मंडळातल्या भजनात पण सांगून झालंय. आता माघार नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आज दोघी मेण बघायला आल्या. मेणातली मी बघून माझेच डोळे भरून आले. हनुवटीवरचा मस सुद्धा होता.

कामाक्षी म्हणाली, "तो मस काढा."

रविकांतनं पातं तापवलं आणि एका फटक्यात मस उडवला. मग नाक. "अम्माचं धारदार होतं, हे बटाट्यासारखं आहे." नाक गेलं. मग गाल. "अम्माला असं लोंबतं मांस नव्हतं." मी समोरच बसलेय, माझ्या देखत गाल खरवडून थाळीत टाकतोय. चकचकीत सालं निघत होती. मी हसून म्हटलं, "अरे, मला ठेव थोडी." कुणी हसलं नाही.

अलमेलू फक्त एकदा म्हणाली, "अजून त्यात अम्मा नाही आली." कामाक्षी म्हणाली, "तुला कधी काही पटलंय?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास. तुळजानं कॉफीचं दूध उतू घालवलं होतं. ही तंजावरकडची, घरात मराठीच बोलतात पण बखरीतली. मला आई म्हणत नाही, आत्याबाई म्हणते. "आत्याबाई, चुकी जाहली," म्हणे. पाहुणे बाहेर बसलेले, दूध ओट्यावर, आणि चुकी जाहली! मी आत गेले आणि नेहमीचंच बोलले, काही जास्त नाही. म्हटलं, "पोटातला मुलगा भट्टीपाशी घालवलास, आता दूधही घालव."

मागे वळते तर दारात अलमेलू. पांढरी फटक. बोट माझ्या तोंडाकडे रोखलेलं. "अदेदान!" ओरडली. "हेच! हेच ते! सार, लवकर या, हे तोंड बघा, अम्माचं तोंड!"

रविकांत धावत आला, कामाक्षी आली. मी तशीच उभी, हातात फडकं. कामाक्षीनं माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. अलमेलू मात्र माझ्या ओठांवरून नजर हलवेना. रडत होती बिचारी. आईची किती ओढ!

इतकी पोरगी रडली म्हणजे बघा. नाक गेलं, गाल गेले, पण तोंड माझं राहिलं. नीलमला सांगायला हवं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी रविकांत म्हणाला, "आई, ते कालचं तोंड कर." मी केलं. म्हणाला, "हे नाही." परत केलं. "अगं, हे दात दुखल्यासारखं झालं." अर्धा तास वाकडं तिकडं करून जबडा दुखला. मागून मागून येतं का असं काही?

मग तो थोडा वेळ मेणाकडे बघत बसला. आणि हाक मारली, "तुळजा, जरा इकडे ये. इथं उभी राहा, आईसमोर. दहाच मिनिटं."

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस रोज बैठक. तुळजा समोर उभी, हातात मेणाचं पातेलं, मी खुर्चीवर, आणि रविकांत म्हणतो, "हं, आई, बोल."

पहिल्या दिवशी मलाच हसू येत होतं. काय बोलू? तर तिच्या बापाचं काढलं, आठ दिवस राहून आमटी ओरपून गेला ते. रविकांत म्हणाला, नाही येत. तिच्या आमटीतल्या चिंचेचं काढलं. नाही. तिच्या रंगाचं काढलं. "आई, ते मुलाचं बोल," म्हणाला. "त्यानंच येतं."

मग तेच बोलत राहिले. बरोबर आलं. तो म्हणाला, "हं, धरून ठेव, डावा कोपरा धरून ठेव," आणि पातं सरसर चालायला लागलं. उतरलं की परत बोलायचं. आज सात वेळा बोलले की आठ, मोजलं नाही. त्याचाच मुलगा तो, पण कामाच्या वेळी काम. बापावर गेलाय अगदी.

तुळजा तशी चांगली उभी राहते. हलत नाही, डोळ्यांत पाणी नाही. फक्त माझ्या तोंडाकडे बघत असते, एकटक. मी म्हटलं, डोळे खाली घाल गं, मोठ्या माणसांसमोर. तर रविकांत म्हणाला, "बघू दे, त्यानं तुझं आणखी खुलतं."

ऊर्मी शाळेची तयारी करून शेडच्या दारात आली होती. "अम्माला शिक्षा केलीय का?" तमिळमध्ये विचारलं, तुळजाला ती अम्माच म्हणते. मी म्हटलं, नाही गं बाई, अम्मा मदत करतेय.

२२ फेब्रुवारी, बुधवार

तोंड झालं! काल संध्याकाळी रविकांतनं ओला कपडा काढून दाखवलं. वरचा ओठ ताणलेला, डावा कोपरा खाली, जरासा उघडा, आतून एका दाताची कड. जिवंत. मला वाटलं आता बोलतंय. तासभर बघत बसले.

कान पण गेले, हे लिहायचं राहिलं. त्या अम्माची भोकं खाली ओघळलेली होती म्हणे. मान गेली. आता सगळी बाई त्यांची, तोंड तेवढं माझं. पण पुतळ्यात लोक बघतात काय? तोंडच ना.

एक मनात येतं ते लिहून टाकते, ऊर्मीला अजून माझं अक्षर लागत नाही. तुळजा सातव्या महिन्यात भट्टीपाशी होती, कारण एका हॉटेलचे पेलिकन ओतायचे होते, आणि रविकांतला दुसरा हात नव्हता. ती म्हणत होती, आत्याबाई, पाठ दुखते. जा, हातभार लाव, काही होत नाही, असं कुणी म्हटलं? मीच बहुतेक. मला नीट आठवत नाही. आणि म्हटलं असलं तरी तिला कळायला नको का, स्वतःचं पोट होतं. आमच्या वेळी आम्ही विहिरीचं पाणी ओढायचो.

तिला आज शिरा करून दिला, बदाम घालून. थाळी तशीच परत आली. गर्व, दुसरं काय.

२७ फेब्रुवारी, सोमवार

वाईट दिवस. लिहायला हात वळत नाही पण लिहिते.

कामाक्षी एकटीच आली, बहिणीला न सांगता. रविकांतनं कौतुकानं कपडा काढला. ती बघत राहिली, मग खुर्ची चाचपून खाली बसली. पाणी दिलं. म्हणाली, "हॉलमध्ये पाचशे पोरी रोज प्रार्थनेला बसतात, त्यांच्या डोक्यावर हे ठेवू?"

रविकांत म्हणाला, "मॅडम, तुमच्या बहिणीनंच सांगितलं की..."

"काम मी दिलंय. अम्मा अशी नव्हती. हे हिचं तोंड आहे, या पाट्टीचं." माझ्याकडे बोट. पहिल्यांदा कुणीतरी कबूल केलं, मला बरंच वाटलं. पण पुढे म्हणाली, "मिटवा ते. ओठ मिटवा, जरा हसू आणा."

रविकांतनं पातं तापवलं. मी म्हटलं, "रवि, अरे एवढं तरी राहू दे, मी सगळ्यांना सांगून बसलेय." तो म्हणाला, "आई, मध्ये बोलू नकोस." दोन मिनिटं लागली. कोपरा वर गेला, दात गेला, मिटलेले गोडगोड ओठ, कॅलेंडरातल्या देवीसारखे. आठ दिवसांची बैठक थाळीत.

सगळं गेलं की. आता त्यात माझं नखसुद्धा नाही. नीलम काय म्हणेल?

तुळजा राळेची पिशवी घेऊन आत आली, थाळीतल्या त्या सालांकडे बघितलं, सगळी उचलून पातेल्यात टाकली आणि वितळायला ठेवली. मला मेलं कुणी सांत्वन पण करत नाही या घरात.

२ मार्च, गुरुवार

आज काय ते नाटक! लिहिते सविस्तर.

दोघी बरोबर आल्या. माती चढवण्याआधी शेवटचं बघायला. अलमेलूनं त्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं आणि इतक्या हळू आवाजात बोलली की मला पुढे सरकावं लागलं.

"कुणी केलं हे?"

"मी सांगितलं," कामाक्षी म्हणाली. "माणूस गेल्यावर असं कोरून ठेवतात का कुणी?"

"तू सतराव्या वर्षी लग्न करून गेलीस, अक्का. मी सत्तेचाळीस वर्षं त्या तोंडासमोर उभी होते. तुझ्यापुढे ती अशीच हसायची."

"शेवटी ती आजारी होती गं."

"मी नऊ वर्षांची असताना आजारी होती? मला बघायला माणसं आली की त्यांच्यासमोर मला काय म्हणायची, माहितेय तुला? तीन वेळा माणसं उठून गेली. मी सांगितलं की सगळे म्हणायचे, अय्यो, देवमाणूस आहे तुझी अम्मा, शाळा काढलीय तिनं." मग माझ्याकडे बघितलं. "मला वाटायचं मलाच वेड लागलंय. इथं त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात कळलं की नाही. तसं तोंड असतं. खरंच असतं."

मला वाटतं हिला आईची सवय जास्त. धाकट्या मुली अशाच हळव्या.

कामाक्षी रडायला लागली, हिरे घालून, भर शेडमध्ये. अलमेलू रडली नाही. म्हणाली, "ते तोंड परत घालायला सांग, नाहीतर मी उद्घाटनाला उभी राहून सगळं सांगेन, पाचशे पोरींना."

मग कामाक्षीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "कर. तुला तिच्याकडे जन्मभर बघत बसायचंय ना, बस बघत."

परत आलं माझं तोंड!

पण रविकांत म्हणाला, जमणार नाही. उद्या पहाटे ओरगडमला निघायचं, कारखान्याच्या फाटकाशी काळविटांची जोडी बसवायचीय, आठवडा जाईल, आणि त्या दिवसाचं तोंड पुन्हा मिळेल याची खात्री नाही. साचा काही घेऊन ठेवलेला नाही. मी म्हटलं, मी बसते रे, महिनाभर बसते.

तेव्हा तुळजा बोलली. इतक्या दिवसांत पाहुण्यांसमोर पहिल्यांदा.

"मी करिते."

तिला येतं तसं, काळविटाच्या डोळ्यांच्या पापण्या तिच्याच असतात. रविकांत म्हणाला, "ठीक आहे, आई बसेल तुझ्यासमोर."

"नको," म्हणाली. "आत्याबाईंना कष्ट नको. लागायचं नाही."

अलमेलू तिच्याकडे बघत राहिली, आणि तिनं तुळजाचा हात धरला, मेणानं बरबटलेला. ही काय पद्धत, कामाच्या बाईचा हात धरायची? मला तर साधा नमस्कार पण केला नाही जाताना.

६ मार्च, सोमवार

खरं सांगते, मला विश्वास नव्हता. न बघता कसं करणार? तीन दिवस शेडचं दार आतून लावून पहाटे साडेचारपासून बसते. मी मुद्दाम समोरच्या पायरीवर जाऊन बसले, म्हटलं अडलं तर हाक मारेल. मारली नाही.

आज राहवेना, तर खिडकीच्या फटीतून बघितलं. पाठ माझ्याकडे नव्हती, बाजूनं दिसत होती. पातं मेणात चालतंय आणि ही आपली तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतेय, तेच तेच, परत परत. एखादं स्तोत्र असेल, त्यांच्या घरी फार आहे ते. पण म्हणताना तिचाच डावा ओठ खाली ओढला जात होता, वरचा ताणला जात होता. मग थांबायची, बोटानं स्वतःचा ओठ चाचपायची आणि तेवढंच मेणात दाबायची. इतकी तल्लीन. मला बघितलंच नाही.

दुपारी दार उघडून म्हणाली, "पाहा आत्याबाई."

मी पाहिलं.

रविकांतनं केलेलं काहीच नव्हे. ओठ, दात ते तर आलेच. पण हनुवटीखाली एक शीर उठते, ती. नाकपुडीची कड पांढरी पडावी तशी ताणलेली. ओठाच्या कोपऱ्यात थुंकीचा एवढासा थेंब, मेणाचा. आणि एक जे मला स्वतःला ठाऊक नव्हतं, की बोलून झाल्यावर मी जरा हसते. ते हसू पण तिनं घेतलंय. आरशात जाऊन बघितलं, करून बघितलं. खरंच आहे.

मी समोर नाही, काही नाही, आणि अगदी तंतोतंत! बारा वर्षं मला वाटायचं, या पोरीचं माझ्याकडे लक्ष नसतं, कान बंद करून उभी असते. तसं नव्हतं म्हणायचं. एकूण एक रेघ पाठ आहे तिला. सख्खी लेक ठेवणार नाही इतकं मनात ठेवलं तिनं मला. मला भरून आलं. म्हटलं, "शाबास गं. मुलगा नाही देता आला, पण हे दिलंस."

ती बघत होती माझ्या तोंडाकडे. मग वाकून डाव्या कोपऱ्यावर अंगठ्यानं आणखी एकदा दाबलं, अगदी जरासं. "आता जाहलं," म्हणाली.

ऊर्मी शाळेतून आली, दप्तर टाकून शेडमध्ये शिरली, मेणाकडे बघितलं आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. पुढे यायला तयारच होईना. मी म्हटलं, वेडे, आजी आहे, घाबरतेस काय?

नीलमला बोलावून दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, "काकू, तुम्हीच आहात."

मग!

त्या दोघी गुरुवारी येणार आहेत, नऊ तारखेला, सकाळी दहाला.